राधानगरीपर्यंतचं अर्धं तिकीट काढणाऱ्या आत्यांना

आत्या,

साष्टांग नमस्कार.

ओळखदेख नसताना आत्या म्हणते आहे, पण हे नातं तुम्हीच जोडलंत. माझ्या आजोबांना, आबांना, दवाखान्यात दाखल करतानाच्या कागदावर 'रुग्णाशी नाते' असा रकाना असतो. तिथं तुमच्या सांगण्यावरून सिस्टरनी 'मुलगी' लिहिलं आणि खाली तुम्ही सही केलीत. त्या सहीतलं 'सौ.' तेवढं वाचता येतं, पुढचं नाव घाईत एकात एक मिसळून गेलंय. तुम्ही आबांची मुलगी, म्हणजे माझी आत्या. सख्ख्या दोन आहेत, तुम्ही तिसऱ्या.

२०२३ च्या डिसेंबरातला मंगळवार होता. आबा कोल्हापूरला मार्केट यार्डात गूळ बघायला गेले होते. विकायचा नव्हता, घ्यायचाही नव्हता, नुसता बघायचा होता. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून एसटी फुकट झाली आणि तेव्हापासून हंगामात आठवड्याला त्यांची एक फेरी ठरलेली. आधार कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात, त्याच पाकिटात बाबांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, आणि खिशात कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा. यार्डात सौद्याला मांडलेल्या रव्यांमधून, म्हणजे गुळाच्या ढेपांमधून हिंडायचं, एखाद्याला नख लावून कणी बघायची, आणि रात्री जेवताना आम्हाला सांगायचं की अमक्या गावचा गुळव्या घाई करतोय.

परतीच्या गाडीत तुम्ही त्यांच्या शेजारी बसलात. पुईखडी मागं पडल्यावर आबांना दरदरून घाम फुटला. पुढचं सगळं कंडक्टरकाकांनी बाबांना नंतर सांगितलं. तुम्ही उभ्या राहिलात आणि ओरडलात, "गाडी फिरवा, म्हाताऱ्याचं काय खरं न्हाई." ड्रायव्हरकाकांनी जागा मिळताच गाडी वळवली आणि थेट दवाखान्याच्या दारात नेऊन उभी केली. भरलेली गाडी होती, कामावरून घरी जाणारी माणसं होती, कुणी कुरकुरलं नाही. तुम्ही आबांबरोबर उतरलात. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं.

बाबा गावाहून मोटारसायकलवर पोचेपर्यंत तुम्ही खाटेशेजारी त्यांचा हात धरून बसून होतात. बाबा आल्यावर आबांचा चष्मा, पाकीट आणि तीनशे चाळीस रुपये सिस्टरसमोर मोजून त्यांच्या हातात दिलेत. बाबांनी विचारलं, "आता गाडी कुठली मिळणार तुम्हाला?" तुम्ही म्हणालात, "भाची हाय माझी हितं, जातो तिकडं." आणि गेलात. बाबांना त्या क्षणी नाव विचारायचं सुचलं नाही. त्याची खंत त्यांना अजून आहे, आणि मला त्यांच्यावर रागावता येत नाही, कारण ते तेव्हा आतल्या काचेकडे बघत होते. मी पुण्याहून रात्री बाराला पोचले. तुमची शाल आबांच्या अंगावर होती.

कंडक्टरकाकांना एवढंच आठवत होतं की तुम्ही राधानगरीपर्यंतचं अर्धं तिकीट काढलं होतं. बाबा ती शाल पिशवीत घालून बाजाराच्या दिवशी दोनदा राधानगरीला जाऊन आले. पन्नाशीच्या, निळ्या लुगड्यातल्या बाई एवढ्या खुणेवर बाजारात माणूस सापडत नाही. म्हणून हे पत्र असं उघडं लिहिते आहे. तुमच्यापर्यंत पोचवणारं कुणीतरी ते वाचेल.

आभार तर मानायचेच आहेत. पण दीड तास तुम्ही ज्या हाताला धरून बसला होतात, तो कुणाचा होता हे तुम्हाला कळायला हवं असं मला फार वाटतं.

त्या हाताचा अंगठा तुम्हाला गुळगुळीत लागला असेल. रेशनच्या दुकानात मशीन आल्यावर आबांचा अंगठा कधीच उठला नाही. दुकानदार रुमालानं पुसायचा, तेल लावायला सांगायचा, दुसरं बोट ठेवायला सांगायचा. मशीन लाल दिवा दाखवायचं. शेवटी आईचा अंगठा लावून धान्य यायचं. साठ वर्षं उकळत्या पाकात बोटं घातली की रेषा राहत नाहीत.

आबा गुळव्या होते. तुमच्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, पण दुसऱ्या कुणाच्या वाचनात हे आलं तर त्यांच्यासाठी सांगते. गुऱ्हाळावर ऊस घाण्यात घालणारे असतात, चुलवाणात, म्हणजे मोठ्या चुलीत, चिपाड सारणारा चुलव्या असतो, मळी काढणारे असतात. काहील, म्हणजे रस उकळायची भलीमोठी कढई, जाळावरून कधी उतरवायची हे मात्र एकाच माणसानं ठरवायचं, तो गुळव्या. एका काहिलीत हजारभर लिटर रस. टनभर उसाचा शंभर-सव्वाशे किलो गूळ होतो. कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाचं पीक त्या काहिलीत उकळत असतं, आणि दोन मिनिटं इकडं की गूळ मऊ राहून पावसाळ्यात पाझरतो, दोन मिनिटं तिकडं की जळतो.

आबांचा जन्म १९४२ चा, शाळेच्या दाखल्यावरचा. चौथीत असताना वडील गेले आणि आबा गुऱ्हाळावर आले ते बैलांच्या मागं. तेव्हा घाणा बैलांवर चालायचा. रात्रभर गोल गोल फिरायचं. ते सांगायचे, झोप लागली तरी पाय चालत राहायचे, आणि बैल थांबला की जाग यायची. पुढं त्यांच्या वस्तादांनी त्यांना काहिलीजवळ घेतलं आणि सहा वर्षं नुसती मळी काढायला लावली. सतराव्या वर्षी पहिलं आदण, म्हणजे एक काहीलभर पाक, त्यांनी स्वतःच्या मतानं उतरवलं. ते जळलं. मालकानं मजुरी कापली. वस्ताद काही बोलले नाहीत. त्यांनी त्या काळ्या गुळातला एक तुकडा घरी नेला, आठ दिवस रोज भाकरीबरोबर तोच खाल्ला आणि आबांनाही खायला लावला. "चव ध्येनात ठेव," एवढंच म्हणाले. आबा ही गोष्ट सांगताना अजून जिभेवर तो कडवटपणा असल्यासारखं तोंड करायचे.

मी लहानपणी हंगामात त्यांचा डबा घेऊन गुऱ्हाळावर जायची. रस काहिलीत पडला, जाळ लागला, की भेंडीची झाडं ठेचून काढलेलं चिकट पाणी त्यात सोडायचं. सगळी मळी गोळा होऊन वर येते, ती झाऱ्यानं काढून टाकायची. मग बेताचा चुना. फेस काठाशी चढला की तेलाचे चार थेंब, फेस मुकाट खाली बसतो. अडीच-तीन तास हे चालतं. तोवर आबा कुणाशीही बोलत. त्यानंतर एक वेळ अशी यायची की ते हात वर करायचे आणि गुऱ्हाळावरची सगळी माणसं गप्प व्हायची. आबा डोळे मिटून ऐकत असायचे. कोवळ्या रसाची खळखळ वेगळी, काकवीच्या वेळची फडफड वेगळी, आणि शेवटी जड, थबकत येणारा बुडबुडा, एकेक, थप्प, थप्प. मग गार पाण्यात बोटं बुडवायची, तीच बोटं पाकात घालून चिमूटभर उचलायचं, परत पाण्यात, आणि गोळी करून काठावर आपटायची. टण्ण वाजली की आबा म्हणायचे, "घ्या." चार-पाच माणसं काहील उचलून गूळ थिजायच्या वाफ्यात ओतायची.

कुणीतरी एकदा थर्मामीटर आणला होता. पुस्तकात ११८ अंशांच्या आसपास उतरवा म्हणून लिहिलंय, त्यानं सांगितलं. आबांनी "घ्या" म्हटल्यावर त्यानं काटा बघितला, आणि दुसऱ्या दिवसापासून तो आणला नाही. पण आबांना त्या पोराचं कौतुक होतं. ऊस बदलला की अंदाज बदलतो हे त्यांनी त्याला बसवून शिकवलं. उसाच्या ७४० जातीची तऱ्हा एक, ६७१ ची दुसरी, ८६०३२ ची तिसरी. कुठल्या रानात मीठफुटी, म्हणजे खारवट जमीन, आहे हे त्यांना रसाच्या फेसावरून कळायचं.

मनगटाच्या वर, आतल्या बाजूला एक मोठा चट्टा होता. सलाईन लावताना सिस्टरनी त्याबद्दल विचारलं असेल, आणि तुम्ही मुलगी म्हणून बसला होतात, तुम्हाला काय सांगता येणार. तो ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. कोयनेच्या भूकंपाची पहाट. आमच्या भोगावती नदीच्या काठावरची सगळी गुऱ्हाळं तेव्हा रात्रंदिवस चालू होती, आबांची काहील उतरवायच्या बेतात आली होती आणि जमीन हलली. पाक एका बाजूनं हिंदकळून बाहेर आला. चुलवाणाच्या तोंडाशी चौदा-पंधरा वर्षांचा एक पोरगा जाळ घालत बसला होता, आबांनी त्याला डाव्या हातानं मागं ओढलं. पोरगा वाचला, हात पोळला. तो पोरगा आता सत्तरीत आहे. आबा गेले तेव्हा खांदा द्यायला तो पुढं आला, आणि त्याच्या वयाकडं बघून कुणी नको म्हणायला लागलं तर म्हणाला, "ह्यो खांदा त्येंचाच हाय."

आबा फार थोर होते असं मला तुमच्यापुढं उभं करायचं नाही. त्यांच्या हट्टापायी घराला त्रासही झाला. नव्वदच्या आसपास गुळात हायड्रॉस पावडर टाकायची पद्धत वाढली. ती टाकली की गूळ पिवळाधमक दिसतो, बाजारात पिवळ्याला भाव जास्त, आणि गंधक माणसाच्या पोटात. आबांच्या मालकानं एका सकाळी पुडा आणून ठेवला. आबांनी पटका गुंडाळला आणि भर हंगामात घरी आले. पुढं अख्खा हंगाम घरी बसले. बावीस गुंठ्यांत घर चालत नव्हतं. आजी रोज दुसऱ्याच्या रानात भांगलायला गेली, बाबांची शाळेची फी थकली, आणि आजी त्यांच्याशी आठ दिवस बोलली नाही. तिची बाजूही मला कळते. आबांना विचारलं तर ते एवढंच म्हणायचे, "ल्हान पोरं गूळ खात्यात." पुढच्या वर्षी त्याच मालकाचा निरोप आला, घरच्या खाण्यापुरती एक काहील बिनपावडरीची करून द्या म्हणून. आबा गेले आणि करून दिली. मग हळूहळू पाच-सहा गिऱ्हाईकं अशी झाली, ज्यांना काळपट गूळ चालायचा.

२०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. मी पेपरातली बातमी त्यांना वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "गुळव्यांची नावं हाईत का त्यात?" नव्हती. म्हणून हे सगळं मी एवढं सविस्तर लिहिते आहे, आत्या. कुठंतरी ते लिहिलेलं असावं.

२००५ चा महापूर तुम्हाला आठवत असेल. मी आठ वर्षांची होते. भोगावतीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा होडी यायची वाट न बघता आबांनी गुऱ्हाळावरची काहील पाण्यात लोटली आणि दोन बांबू घेऊन त्यात उभे राहिले. काहील तरंगते. पलीकडच्या घरातली म्हातारी, तिची दोन वासरं आणि मी, असे आम्ही त्या काहिलीतून देवळापर्यंत आलो. वासरं काहिलीच्या तळाला लागलेला गूळ चाटत होती. एवढ्या पाण्यात मला भीती वाटली नव्हती, कारण आबा पुढं उभे होते.

आता त्या एकोणीस दिवसांबद्दल. ते दिवस तुम्ही दिलेत.

पाचव्या दिवशी आबांना घरी सोडलं. त्यांची धाकटी बहीण अकरा वर्षं बोलत नव्हती, बांधावरून वाद झालेला. ती दुसऱ्या दिवशी आली, दारात उभी राहिली, आणि आबांनी आईला सांगितलं, "एकच ताट वाढ." दोघं एका ताटात जेवली. बांधाचा विषय निघाला नाही.

आणि मी नोकरीवरून रजा काढून थांबले. सव्वीस वर्षांत आबांना मी कधी म्हटलं नव्हतं की मला गूळ करायला शिकवा. मुलीनं गुळव्या व्हायचं असतं हे त्यांनाही कधी सुचलं नव्हतं आणि मलाही. दहाव्या दिवशी सकाळी मी विचारलं. ते माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले. मग बाबांना म्हणाले, "घागरभर रस आण." अंगणात तीन दगडांची चूल मांडली, मोठी कढई ठेवली, आबांची खाट चुलीपासून दहा फुटांवर. उठायला डॉक्टरांनी मनाई केली होती. ते डोळे मिटून पडले होते आणि तिथूनच सांगत होते, जाळ कमी कर, मळी काढ, आता हात थांबव. "बगत नगं बसू. आईक." मी ऐकत होते आणि मला सगळे बुडबुडे सारखेच ऐकू येत होते. पहिल्या दिवशी मी घाबरून लवकर उतरवला. तो थिजलाच नाही, काकवीच झाली, आम्ही भाकरीबरोबर खाल्ली. दुसऱ्या दिवशी परत रस आणला. या वेळी मी एक शब्द न बोलता बसले होते, आणि कढईतला आवाज एका क्षणी जड झाला. मी मागं वळून बघितलं. आबांनी डोळे उघडले नव्हते, पण हात वर केला होता. तोच हात. मी बोटं पाण्यात बुडवली आणि पाकात घातली. फोड आला. गोळी आपटली, वाजली. दोघंही एकदमच म्हणालो, "घ्या."

सुती फडकं घातलेल्या दोन वाट्या आणि एक लहान पातेलं, एवढा गूळ झाला. आबांनी नख लावून कणी बघितली. काही बोलले नाहीत. खडा तोंडात ठेवला आणि हाताची मूठ माझ्या डोक्यावर ठेवून तशीच राहू दिली.

त्या रात्री त्यांनी तुमचा विषय काढला. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी तुम्हाला खिशातला खडा दिला होता म्हणे, आणि तुम्ही तो पदराच्या गाठीला बांधलात, घरी नातवाला देईन म्हणून. "त्या बाईनं हात सोडला न्हाई बग," ते म्हणाले. "मला वाटलं तुजी आजीच हाय." आजी जाऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

एकोणिसाव्या दिवशी पहाटे ते झोपेतच गेले. आम्ही सगळे घरात होतो, माझ्या दोन्ही आत्या, धाकटी आजी, सगळे. त्या मंगळवारी पुईखडीच्या पुढं, चालत्या गाडीत, अनोळखी माणसांत गेले असते तर आमच्याजवळ काय उरलं असतं याचा विचार मी करायला जाते आणि मध्येच थांबते. आत्या, तुमचे फार उपकार आहेत. त्या दिवशीच्या ड्रायव्हरकाकांचे, कंडक्टरकाकांचे, आणि उशीर सोसलेल्या प्रत्येक प्रवाशाचेही. पण सही तुम्ही केलीत.

तुमची शाल आईनं धुऊन, लिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवली आहे. पातेल्यातला गूळ उत्तरकार्याच्या दिवशी वाटला. एक वाटी मी ठेवली, एक तुमच्यासाठी. कोरड्या फडक्यात बांधून, वर कागद, डब्यात. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या राधानगरीच्या धरणाचं पाणी आमच्या काठाला येतं आणि त्यावर आमचा ऊस होतो. तेव्हा पाणी तुमच्याकडचंच आहे. राधानगरी रस्त्यावर हळदीच्या आसपास उतरून कुणालाही विचारा, 'बिनपावडरीच्या गुळाचे आबा' म्हणून. घर दाखवतील. गूळ एव्हाना काळा पडला असेल, तो खराब झाला असं समजू नका, आबांचा गूळ असाच असायचा. सोबत नातवालाही आणा.

तुमची भाची